बेअर हगला मराठीत काय म्हणायचं? कडकडून मिठी, कव आणि मगरमिठी

प्रश्न असा आलाय की 'बेअर हग' म्हणजे ती हाडं मोडतील अशी आवळून मारलेली मिठी, तिला मराठीत नेमका शब्द काय, 'मगरमिठी' म्हटलं तर चालेल का, आणि मिठी, आलिंगन, कवटाळणं यांत फरक काय. मी गेली सव्वीस वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करतोय, डबिंगची स्क्रिप्टं, दवाखान्यांची माहितीपत्रकं, कंपन्यांचे कागद, काही कादंबऱ्या, आणि हा एक शब्द या सगळ्या कामांत पुन्हापुन्हा समोर आलाय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी थोडक्यात सांगतो. दोन माणसं प्रेमाने भेटतायत आणि मिठी जोरदार आहे, तर 'कडकडून मिठी मारली' किंवा नुसतं 'कडकडून भेटले'. मगरमिठी इथे अजिबात नको, ती ज्याच्यातून सुटका नाही अशा पकडीसाठी आहे. आणि कुस्तीतला किंवा कंपन्यांच्या व्यवहारातला बेअर हग असेल तर दोन्हीकडे वेगळे शब्द लागतात, ते खाली येतंय.

आता हे 'कडकडून' बघा, मराठीत हा जोर क्रियाविशेषणात आहे, नामात नाही. इंग्रजीत नाम बदलतं, साध्या हगचा बेअर हग होतो, आपल्याकडे मिठी मिठीच राहते आणि पुढेमागे 'घट्ट', 'गच्च', 'करकचून', 'कडकडून' लागतं. आणि ही सगळी एकसारखी नाहीत बरं का. दोरी करकचून बांधतात, ब्रेक करकचून दाबतात, म्हणजे करकचून मध्ये आवळणं आहे, थोडा त्रासही आहे. कडकडून मध्ये आतून आलेली ओढ आहे, भूक कडकडून लागते, आणि माणसं कडकडून भेटतात. (कुत्राही कडकडून चावतो, तिथेही जीव खाऊन केलेली गोष्ट हाच अर्थ.) त्यामुळे दहा वर्षांनी गावी आलेला भाऊ भेटला तर कडकडून, आणि घाबरलेलं पोर आईला बिलगलं तर घट्ट किंवा गच्च. पोर आईला 'कडकडून' बिलगत नाही, कुठल्याही आजीला विचारा, तिला ते लगेच खटकेल.

काही जण सरळ 'अस्वलमिठी' लिहितात, नवीन भाषांतरकारांच्या कामात मी ते बरेचदा खोडलंय. शब्द बनवायला माझी ना नाही, पण तो आपल्या मातीत काय आठवण काढतो ते बघायला हवं. मेळघाटात, ताडोब्याच्या आसपासच्या गावांत अस्वल म्हणजे मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसावर धावून येणारं जनावर, ते मागच्या पायांवर उभं राहतं आणि तोंड, डोकं फाडतं. त्या भागातल्या वाचकाला 'आजोबांनी नातवाला अस्वलमिठी मारली' हे वाक्य वाचून काय वाटेल? मराठीत आधीपासून 'अस्वलाच्या गुदगुल्या' असा शब्दप्रयोग आहे आणि त्याचा अर्थच जीवघेण्या गुदगुल्या. म्हणजे आपल्या भाषेत अस्वलाचं अंगाशी येणं हे मायेचं नाहीच. गुबगुबीत टेडी बेअरची आठवण इंग्रजीत आहे, ती शब्दाबरोबर आपोआप येत नाही.

मगरमिठीचं तेच, उलट बाजूने. मगर काही हातांनी मिठी मारत नाही, तिची मिठी जबड्याची, एकदा जबडा मिटला की सुटत नाही. गजेंद्रमोक्षाची गोष्ट ज्यांनी लहानपणी ऐकलीय त्यांना हे चित्र लगेच दिसतं, हत्तीचा पाय तिच्या जबड्यात आणि तो इतका मोठा देह असूनही निघत नाहीये. म्हणून कर्जाची मगरमिठी, सावकाराची मगरमिठी, व्यसनाची मगरमिठी, हे सगळं बरोबर. शेतकऱ्याच्या कर्जावर लिहिताना याच्याइतका नेमका शब्द दुसरा नाही असं माझं मत आहे. पण मी एका लग्नाच्या अल्बममध्ये फोटोखाली 'मित्रांची मगरमिठी' छापलेलं बघितलंय, लिहिणाऱ्याला फक्त 'खूप घट्ट' एवढंच म्हणायचं होतं.

यातून एक गोष्ट लक्षात येते आणि माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा तोच आहे. मराठीत मिठीचे शब्द किती जोर लावला यावर वेगळे होत नाहीत, ती मिठी सोडवणं कोणाच्या हातात आहे यावर वेगळे होतात. दोघांच्या हातात असेल तर भेट. धरणाऱ्यालाच सोडवत नसेल तर कवटाळणं. धरलेल्याला सुटताच येत नसेल तर मगरमिठी. जोर तिन्हींत सारखाच असू शकतो.

'मिठी' या शब्दाचा अर्थही नुसता 'हग' एवढा नाहीये. दोन गोष्टी एकमेकींना चिकटून बंद होणं हा त्यातला मूळ भाव मला दिसतो. बासुंदी किंवा पाकातले चिरोटे जास्त झाले की घरात कोणीतरी म्हणतं ना, 'तोंडाला मिठी बसली, जरा लोणचं दे', तीच ही मिठी. तिथे कोणी कोणाला जवळ घेत नाहीये, गोडाने तोंड चिकटल्यासारखं झालंय. मगरीच्या जबड्यालाही मिठी म्हणतो ते याच भावाने. (मुंबईच्या मिठी नदीचा याच्याशी संबंध जोडू नका, तो शब्द वेगळा आहे. 2005 च्या 26 जुलैच्या पुरासारख्या वेळी कोणी 'मिठीची मगरमिठी' असा मथळा केला, तरी तो शब्दांचा खेळ.)

आता मिठीबरोबर कुठलं क्रियापद येतं ते फार महत्त्वाचं आहे आणि नेमकी इथेच हल्ली गडबड होते. 'मिठी मारली' म्हणजे पुढाकार घेऊन, बहुतेक वेळा धावत जाऊन. 'मिठीत घेतलं' म्हणजे मोठ्याने लहानाला, किंवा ज्याला आधार द्यायचाय त्याला, यात घेणाऱ्याचे हात उघडे आहेत आणि दुसरा आत येतोय. 'मिठी घातली' म्हटलं की गळ्याला, कमरेला, पायांना, काहीतरी धरायला लागतं, 'पायांना मिठी घातली' म्हणजे तर विनवणीच, शरण जाणंच. आणि 'दोघांची मिठी पडली' म्हटलं तर आधी कोणी हात पुढे केले ते विचारायचंच नाही, ती आपोआप पडली. भाऊ-भाऊ खूप वर्षांनी भेटले की जुने लोक 'गळामिठी पडली' म्हणायचे, अजूनही गावाकडे ऐकू येतं.

'मिठी दिली' हे मात्र मला खटकतं, ते इंग्रजीच्या 'गिव्ह'वरून आलंय. शहरातली मुलं 'मला हग दे' म्हणतात, ते चालू द्या, ती बोलण्याची पद्धत झालीय आणि हग हा शब्द आता घरोघरी आहे. पण गंमत अशी की 'देणं' आपल्याला परकं नाहीये, फक्त ते मिठीबरोबर येत नाही. आलिंगन देतात. आणि जुन्या मराठीत क्षेम देतात.

हा 'क्षेम' शब्द मला अतिशय आवडतो आणि तो विसरला जातोय याचं खरंच वाईट वाटतं. क्षेम म्हणजे खुशाली, कुशल, 'क्षेमकुशल' मधला तोच. भेटल्यावर मिठी मारणं म्हणजेच खुशाली विचारणं, म्हणून मिठीलाच क्षेम म्हणायला लागले, त्याचंच 'खेंव' असं रूप जुन्या मराठीत सापडतं, 'खेंव देणें' म्हणजे मिठी मारणे. ज्ञानेश्वरांच्या 'पांडुरंगकांती' या अभंगात ओळ आहे, 'क्षेम देऊं गेलें तंव मीचि मी एकली'. मिठी मारायला गेले तर समोर दुसरं कोणी नाहीच, मीच एकटी. इंग्रजीत ही ओळ न्यायचा मी एकदा प्रयत्न केला होता आणि 'एम्ब्रेस' या शब्दावर थांबलो, कारण त्यात खुशाली नाहीये, मिठीत आधी दोन माणसं लागतात आणि इथे तीच दोन उरत नाहीत, हे सगळं एका 'क्षेम'मध्ये बसलंय.

वारीत गेलात तर हे सगळं डोळ्यांनी दिसतं. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात आणि मग उराउरी भेटतात, वय, जात, ओळख काही विचारत नाहीत. 'उराउरी भेट' हा शब्द किती चांगला आहे बघा, छातीला छाती, एवढंच, त्यात स्त्री-पुरुष, मोठा-लहान, प्रेम-शृंगार असलं काही येत नाही. पंढरपूरला देवळात सोळखांबी मंडपात गरुडखांब आहे, धातूच्या पत्र्याने मढवलेला, लोक त्या खांबाला मिठी मारतात. देवाच्या पायांवर डोकं ठेवायला मिळतं, पण कवेत घ्यायला मिळतो तो खांब. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या पुढे एक मावशी होत्या, त्यांनी खांबाला जी मिठी घातली ती पुजाऱ्याने 'चला चला' म्हणेपर्यंत सुटली नाही, गाल खांबाला टेकलेला, डोळे मिटलेले. त्याला तुम्ही 'आलिंगन' म्हणा, 'मिठी' म्हणा, मला त्या क्षणी 'भेटल्या' हाच शब्द सुचला.

'कव' हा तिसरा महत्त्वाचा शब्द. दोन हात पसरून जेवढं मावेल तेवढी कव. 'कवेत न मावणारा बुंधा' असं आपण म्हणतो. कोकणात भातरोपांच्या भाजावळीसाठी झाडांच्या डहाळ्या तोडतात त्याला 'कवळ' म्हणतात, तोही हातात मावेल एवढा भारा. कवेत घेणं, कव घालणं, कवळणं, कवटाळणं हे सगळं एकाच घरातलं वाटतं. गोव्यात कोंकणीत 'वेंग' म्हणतात, वेंग मारप, आणि तिथला एखादा मराठी लिहिणारा ते सहज मराठीत आणतो, मी ते कधी बदलत नाही.

कुस्तीत बेअर हगसाठी ही 'कव'च कामाला येते. समोरच्याच्या कमरेभोवती दोन्ही हात घालून हात एकमेकांत अडकवले आणि आवळलं, तर 'कव घातली', 'कवेत धरला'. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली पकड करायला बंदी असते त्यामुळे तिथे ही धडाभोवतीची पकड फार दिसते, आणि कॉमेंट्री करताना 'मिठी मारली' म्हटलं की ऐकणाऱ्याला हसू येतं, 'कव घातली' म्हटलं की बरोबर पोचतं.

कवटाळणं मात्र वेगळ्या वाटेने गेलं. त्यात सोडायचं नाही, हा हट्ट आहे किंवा भीती आहे. गेलेल्या माणसाचा फोटो छातीशी कवटाळतात, पुरात सापडलेला माणूस झाडाला कवटाळून बसतो, जुन्या कल्पना कवटाळून बसलेले लोक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. आणि यात धोकाही मावतो. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला जी बखर लिहिली तिच्यात 10 नोव्हेंबर 1659 च्या प्रतापगडाच्या भेटीचं वर्णन आहे, तिथे खानाने राजांची मुंडी कवटाळून खाकेखाली धरली असं येतं. भेट म्हणून सुरू झालेली गोष्ट कुठल्या शब्दावर दगा झाली ते त्या एका क्रियापदात कळतं. खान भेटायला आला, आणि भेटता भेटता त्याने कवटाळलं. मुलांना हा प्रसंग शिकवताना 'मिठी मारली' म्हणतात तेव्हा मला वाटतं की सभासदाचा शब्द जास्त खरा आहे.

आता आलिंगन. हा शब्द चुकीचा अजिबात नाही, पण त्याची जागा ठरलेली आहे. मूर्तिशास्त्रात उमा-महेश्वराची आलिंगनमूर्ती, तिथे दुसरा शब्द शोभणार नाही. बातमीत दोन नेत्यांनी आलिंगन दिलं, चालतं, जरी 'गळाभेट घेतली' जास्त रुळलंय. ईदच्या गळाभेटीला गळाभेटच म्हणायचं. पण घरातल्या माणसांच्या तोंडी आलिंगन टाकलं की माणसं एकदम पौराणिक नाटकात गेल्यासारखी वाटतात. मी एका मालिकेचं डबिंग लिहीत होतो, बाप बऱ्याच वर्षांनी जहाजावरून घरी येतो आणि मुलगा आता त्याच्यापेक्षा उंच झालाय, मूळ संवादात आई फोनवर बहिणीला सांगते की मुलाने त्याला असा बेअर हग दिला की. मी आधी 'घट्ट आलिंगन दिलं' लिहिलं, मग 'कडकडून मिठी मारली' केलं, आणि रेकॉर्डिंगला ज्या बाई आईचा आवाज देत होत्या त्यांनी वाक्य वाचून थांबून म्हटलं, 'दादा, मी असती तर म्हणाले असते, अगं बापाला उचलूनच घेतलं गं त्याने.' तेच ठेवलं. तेव्हापासून मी आधी हे बघतो की इथे नाम हवंच आहे का, मराठी माणूस अशा वेळी बरेचदा मिठीचं नावच घेत नाही, काय घडलं ते सांगतो. गळ्यात पडून रडली. पोटाशी धरलं. कुशीत घेतलं. अंगावर झेपावला. (फक्त 'गळ्यात पडणं' जपून वापरा, त्याचा दुसरा अर्थ नको असलेली गोष्ट माथी येणं असाही आहे.)

दवाखान्याच्या कामात तर शब्द चुकला की माणसाचं नुकसान होतं. कमी वजनाच्या बाळांसाठी 'कांगारू मदर केअर' असते, 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झालेली पद्धत, बाळाला आईच्या उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लागेल असं धरून ठेवायचं, आईच्या अंगाची ऊब मिळते. एका रुग्णालयाचं मराठी पत्रक माझ्याकडे तपासायला आलं त्यात लिहिलं होतं, 'बाळाला विवस्त्र अवस्थेत आलिंगन द्यावे'. पहिलटकरणीने ते वाचून काय करायचं? त्या वॉर्डातल्या नर्सबाईंना मी विचारलं, तुम्ही तोंडाने कसं सांगता, त्या म्हणाल्या, 'टोपी, लंगोट ठेव, बाकी कपडे काढ आणि उघड्या छातीवर पोटाशी धर गं.' पत्रकात तसंच गेलं, थोडं नीटनेटकं करून. तान्ह्या बाळाला मिठी मारत नाहीत, पोटाशी धरतात, इतकं ते सरळ आहे. तसंच घशात घास अडकलेल्या मोठ्या माणसाला मदत करायची कृती, त्याच्या मागे उभं राहून पोटाभोवती हात घालायचे आणि बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून आत आणि वर झटका द्यायचा, तिथे 'मागून मिठी मारा' लिहिलेलं मी 'मागून पोटाभोवती कव घाला' केलं, कारण मिठी म्हटलं की माणूस छातीभोवती हात घालतो आणि इथे हात खाली हवेत.

कंपन्यांच्या जगातला बेअर हग हा सगळ्यात अवघड. एक कंपनी दुसरीला विकत घ्यायला थेट संचालक मंडळाला पत्र लिहिते, भाव बाजारापेक्षा इतका चढा देते की नाही म्हणणं मंडळाला जड जावं, आणि बरेचदा ते पत्र जाहीरही करते म्हणजे शेअरहोल्डरच दबाव आणतात. 1 फेब्रुवारी 2008 ला मायक्रोसॉफ्टने याहूला असाच प्रस्ताव दिला, शेअरला 31 डॉलर, एकूण 44.6 अब्ज डॉलर, आदल्या दिवसाच्या भावापेक्षा 62 टक्के जास्त. याहूच्या मंडळाने तो नाकारला आणि मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने मागे घेतला. मी एका अहवालात याचं भाषांतर 'मंदीवाल्यांची मिठी' झालेलं बघितलंय, शेअर बाजारातला बेअर आणि हा बेअर एकच समजून, आणि ते तसंच छापून गेलं याची मला आजही हळहळ वाटते. मी स्वतः पहिल्यांदा 'नाकारता न येणारा चढा प्रस्ताव' असं सरळ लिहितो आणि मग कंसात न टाकता पुढच्या वाक्यात सांगतो की याला बेअर हग म्हणतात, पुढे लेखभर बेअर हगच वापरतो. अर्थविषयक वाचणाऱ्याला तो शब्द नंतर भेटणारच आहे.

वर्तमानपत्राच्या अग्रलेखात असेल तर मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे, धृतराष्ट्राची मिठी. युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र भीमाला भेटायला बोलावतो, मनात शंभर मुलांचा राग, कृष्ण ते ओळखतो आणि भीमाऐवजी लोखंडाचा पुतळा पुढे करतो, म्हातारा तो पुतळा मिठीत चुरडून टाकतो आणि त्यात त्याचीच छाती दुखावून तोंडातून रक्त येतं. वरून प्रेम, आतून नाश, आणि मिठी मारणाऱ्यालाही इजा. मोठ्या पक्षाने छोट्या मित्रपक्षाला 'जवळ घेतलं' की हा शब्द हमखास येतो आणि तिथे तो बरोबरही असतो. पण मायक्रोसॉफ्टसारख्या खुल्या भावाच्या प्रस्तावाला तो लावू नका, त्यात कपटाचा आरोप आहे, आणि चढा भाव देणं हे कपट नाही.

एक शेवटचा वापर राहिला, इंग्रजीत 'एम्ब्रेस' अमूर्त गोष्टींनाही लावतात, बदल, नवीन तंत्रज्ञान, धर्म. मराठीत बदल स्वीकारतात, आपलासा करतात, धर्म स्वीकारतात. 'बदलाला मिठी मारा' असं जाहिरातीत येतं ते मी तरी तसं जाऊ देत नाही. कवटाळणं तेवढं अमूर्ताला लागतं, पण ते बहुतेक टीकेचं. आणि आत्महत्येच्या बातमीत 'मृत्यूला कवटाळलं' लिहितात, ते कृपा करून लिहू नका. ज्याच्यावर ती वेळ आली त्याने काही जवळ घेतलेलं नसतं, आणि वाचणाऱ्या दुसऱ्या खचलेल्या माणसाला त्या वाक्यात एक आसरा दिसू शकतो.

तुमच्या प्रश्नात शेवटी असं होतं की मैत्रीण व्हॉट्सॲपवर 'टाइट हग' पाठवते, तिला मराठीत उत्तर द्यायचंय पण 'घट्ट मिठी' लिहिलं की काहीतरी जास्तच वाटतं. खरंय ते, लिहिलेली 'घट्ट मिठी' प्रेमपत्रातली वाटते कारण आपण ती तिथेच जास्त वाचलीय. मी असतो तर मैत्रिणीला लिहिलं असतं, 'ये लवकर, कडकडून भेटायचंय.' वडीलधाऱ्या मावशीला असेल तर 'तुझ्या कुशीत शिरावंसं वाटतंय'. मित्राला, 'भेट एकदा, उराउरी'. आणि तिने 'टाइट हग' पाठवलं म्हणून तुम्हीही 'टाइट हग' पाठवलंत तरी काही बिघडत नाही, तिला पोचतंय ना, मग ठीक आहे.